गौरीतला बेडूक

तोंडात पाण्याची चूळ, हातात ताम्हन आणि डोळ्यांसमोर माझा मोर.

आदल्या वर्षीच्या मखरातला, थर्माकोलचा. मी स्वतः बसून त्याच्या पिसाऱ्याला टिकल्या चिकटवल्या होत्या, डोळ्याच्या जागी एक मोठी लाल. तो आता पाणवठ्याच्या वाटेवर, दोन बांबूंना ताणून बांधलेल्या तोरणात मधोमध लटकत होता. त्याच्या एका अंगाला दुधाच्या पिशव्या कातरून केलेल्या झिरमिळ्या, दुसऱ्या अंगाला वेफर्सच्या पिशव्यांची फुलं आणि औषधाच्या गोळ्यांची रिकामी चंदेरी पाकिटं. वर पुठ्ठ्यावर लिहिलेलं, ‘हे सगळं आम्ही पाण्यातून काढलं.’ शाळा माझी तिसरीपर्यंतची, पण एवढं मोठं लिहिलेलं मला वाचता येतं.

दुसरा कुठलाही दिवस असता तर मी तिथेच उभी राहून वरच्या वाडीपर्यंत ऐकू जाईल असं बोलले असते. पण तो गौरी आणायचा दिवस होता.

आमच्याकडे गौरी खड्यांच्या. मुखवटे नाहीत, साड्या नाहीत, दागिने नाहीत. घरच्या सवाष्णीने घरूनच तोंडात पाण्याची चूळ धरून घरामागच्या पऱ्यावर, म्हणजे ओढ्यावर, जायचं, पाण्यातले पाच खडे ताम्हनात घ्यायचे आणि गणपतीशेजारच्या पाटावर नेऊन ठेवायचे. तोवर चकार शब्द काढायचा नाही. माझ्या सासूबाईंची शिस्त याहून कडक. खडे निवडायचे नाहीत. डोळे मिटून पाण्यात हात घालायचा, येतील ते पाच. हाताला आलेली गौर परत पाण्यात टाकायची नाही. आणि पाटावर ठेवल्यावर तोंडून पहिला शब्द निघेल तो शुभच निघाला पाहिजे, कारण तो वर्षभर घरात राहतो. मी लग्न होऊन आले तेव्हापासून एकदाही चुकले नव्हते. म्हणून तर ताम्हन अजून माझ्याकडे होतं. सून येऊन इतकी वर्षं झाली तरी मी ते तिच्या हाती दिलेलं नव्हतं.

आमचे हे पुढे झांज वाजवत चालायचे. मी बोलत नाही असा वर्षातला तो एकच प्रसंग, त्यामुळे यांना त्याची भारी हौस. गुडघे दुखोत, पाऊस असो, झांज घेऊन सगळ्यांच्या आधी तयार.

तोरण बघून यांची झांज थांबली. मागून येणारी शेजारची कुमुद बापट पुढे आली आणि मान वर करून म्हणाली, “अगो बाई, हा मोर तुमच्याच मखरातला ना, माई?”

मी तिच्याकडे बघितलं. गालात पाणी धरून माणूस जेवढं रागाने बघू शकतं तेवढं बघितलं.

“छे,” माझा मुलगा मुकुंद म्हणाला. “चिपळूणच्या बाजारात असले पन्नास मिळतात.”

“डोळ्याला टिकली लावलेले?”

मुकुंद बांबूची गाठ बघायला लागला. मखर विसर्जनानंतर पुलावरून त्यानेच टाकलं होतं, हे मला तेव्हा कळलं. मला त्याने माळ्यावर ठेवलं म्हणून सांगितलं होतं.

हे सगळं शाळेतल्या घुगे बाईंचं काम. बीडकडच्या. आदल्या वर्षी आमच्या शाळेत बदलून आल्या. आल्यापासून त्यांनी पोरांच्या डोक्यात एक खूळ भरवलं होतं की विकत काही आणायचं नाही, फेकायचं काही नाही, टाकलेल्या वस्तूंतून चित्रं करायची. माझी नात केतकी त्यात सगळ्यात पुढे. तिने घराची काय दशा केली होती ते मलाच ठाऊक. दुधाच्या पिशव्या धुवायची आणि दोरीवर वाळत घालायची. कुठल्या दोरीवर, तर माझं सोवळं वाळतं त्या. एक दिवस मी पूजेला बसायला म्हणून लुगडं ओढलं तर त्याच्याबरोबर चिमट्याला लावलेली वेफर्सची पिशवी आली.

“केतकी, हे काय गो?”

“आजी, ते फूल आहे. अजून कातरायचंय.”

“माझ्या सोवळ्यात फूल?”

“धुतलंय ना पण. तुझ्या लुगड्यापेक्षा स्वच्छ आहे.”

तिची आई, शुभदा, स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून हसत होती. मला पाठ करून हसली तरी खांदे दिसतात, एवढं तिला इतक्या वर्षांत कळू नये.

मग देवघराच्या दाराला लावून उरलेला हिरवा रंग गेला. मी डबा झाकण ठोकून कोठीत ठेवला होता, दुसऱ्या वर्षी खिडकीला होईल म्हणून. बघते तर तळाला बोटभर. मग आवाठातले, आमच्या वस्तीतले, गोल दगड पोरांनी गोळा केले आणि त्यांच्यावर पाण्यातले प्राणी काढले. खेकडे, मासे, चतुर, पाणसाप. ते पाणवठ्याच्या काठाने मांडले. घुगे बाईंचं म्हणणं असं की माणूस डोळ्यांदेखत कुणावर कचरा टाकत नाही. दगडांना डोळे काढले की तिथे घाण पडणार नाही.

“आणि खरे बेडूक काय आंधळे आहेत?” मी केतकीला विचारलं होतं.

“खऱ्यांना कोण बघतं आजी?”

हिला उलट बोलायला कुणी शिकवलं, असं मी यांना विचारलं. हे माझ्याकडे बघत राहिले आणि पेपर वाचायला लागले.

चतुर्थीच्या आधी घुगे बाई घरोघरी फिरल्या. यंदा थर्माकोलचं मखर नको, निर्माल्य पिशवीसकट टाकू नका. आमच्या ओटीवर येऊन मला सांगितलं. मला, जिच्या घरचा गणपती बघायला तीन वाड्यांची माणसं येतात. मी पाणीसुद्धा विचारलं नाही. त्या गेल्यावर मुकुंद म्हणाला, “माई, तू नुसतं म्हण. शाळा समितीचा अध्यक्ष मी आहे. तालुक्याला एक अर्ज टाकला की बाई दुसऱ्या गावी.”

“सणात नको,” मी म्हणाले. “गौरी घरात येऊ देत. मग सांगते.”

हे केतकीने दाराआडून ऐकलं. तेव्हापासून ती माझ्याशी बोलेना. गौरीच्या दिवशी सकाळी तिचं तोंड आणखीच उतरलेलं. मला वाटलं तेच कारण असेल. पण रात्रीच्या पावसाने पऱ्याला पाणी चढलं होतं आणि काठावरचे बरेच दगड आत ओढले गेले होते. तिने रंगवलेला बेडूक त्यात गेला. देवघराच्या दाराचा रंग वापरून केलेला बेडूक. गेला ते बरं झालं, असं मी म्हणाले होते.

तर आम्ही तोरणाखालून गेलो. माझ्याच मोराने माझ्या डोक्याला शेपूट घासली आणि मी काही बोलू शकले नाही.

पाणवठ्यावर घुगे बाई उभ्या होत्या, आठ-दहा पोरं घेऊन. गौरी बघायच्या म्हणून आल्या होत्या. त्यांच्याकडे मुखवट्यांच्या उभ्या गौरी, अशा खड्यांच्या त्यांनी कधी पाहिल्या नव्हत्या. पुढे होऊन नमस्कार केला. “कसं वाटलं तोरण, आजी?”

मला आजी म्हणायचा हक्क फक्त केतकीचा. आणि विचारलं कधी, तर माझ्या तोंडात पाणी भरलेलं असताना. तोंडात नुसतं पाणी नव्हतं, त्यामागे सकाळपासूनचं सगळं साठलेलं होतं.

“माईंना आवडलेलं नाही,” कुमुद म्हणाली.

“आईला अजिबात चालणार नाही हे,” मुकुंद म्हणाला. “सणाच्या दिवशी वाटेवर कचरा टांगलाय तुम्ही. आईने आधीच ठरवलंय तुमच्याबद्दल. गौरी बसल्या की आज-उद्यात अर्ज जाईल.”

पोरं बाईंकडे बघायला लागली. बाईंचा चेहरा पडला, पण वाद घातला नाही. एवढंच म्हणाल्या, “माझ्या माहेरी गौरीच्या दिवसातही टँकर यायचा साहेब. खडे होते, पाणी नव्हतं. इथे एवढं वाहतंय आणि त्यात सलाईनच्या नळ्या सापडतात. मला बघवलं नाही. बाकी तुम्ही म्हणाल तसं.”

“ते आता आईच सांगेल.”

“हिचं म्हणणं साधंच असतं,” आमचे हे मध्ये पडले. “हिला जुनं आहे तसं राहिलेलं बरं वाटतं. वय झालं की असं होतं.”

वय. स्वतः गुडघ्याला तेल चोळून घेतल्याशिवाय उठत नाहीत.

मी ताम्हन धरून उभी. माझ्याबद्दल सगळे माझ्यासमोर बोलत होते आणि त्यातला एक शब्द माझा नव्हता. मुकुंदला मी ‘मग सांगते’ म्हणाले होते. काय सांगते ते म्हणाले नव्हते. मला जुनं बरं वाटतं असं मी यांना कधी म्हणाले? गॅस पहिला कुणी आणवला घरात? कुमुदला तर माझ्या आवडीनिवडीचं काडीइतकं कळत नाही, मी तिच्या हातचं लोणचं गेली कित्येक वर्षं गुपचूप गाईला घालते. माणूस मेल्यावर असं होत असेल, मला वाटलं. आडवं पडून ऐकायचं, आणि हे सगळे हिला अमुक आवडायचं, हिला तमुक चालायचं नाही, असं ठरवत बसणार.

एक शुभदा तेवढी माझ्या वतीने काही बोलली नाही. पुढे येऊन तिने माझ्या पदराचं टोक उचललं, भिजू नये म्हणून, आणि म्हणाली, “माईंचं माई सांगतील. आधी गौरी घेऊ देत त्यांना.”

मी पाण्यात उतरले. पाणी पोटऱ्यांपर्यंत, गार. डोळे मिटले आणि हात घातला.

पहिला खडा आला, दुसरा आला, तिसरा. चौथा जरा मोठा होता. हाताला खरखरीत न लागता गुळगुळीत लागला, तेव्हाच मला कळायला हवं होतं. पाचवा छोटा, लाल मातीचा. ताम्हनात ठेवून मी डोळे उघडले.

चौथा खडा माझ्याकडे बघत होता. हिरवा, देवघराच्या दाराइतका हिरवा. दोन पांढरे डोळे, त्यातला एक चकणा. रुंद हसरं तोंड.

“माझा बेडूक,” केतकी म्हणाली. आणि लगेच तोंडावर हात ठेवला.

 

मग सगळे एकदम बोलायला लागले. मुकुंद म्हणाला, टाक तो आणि दुसरा घे. कुमुद म्हणाली, बेडूक कसा चालेल गौर म्हणून, हळदीकुंकवाला बायका आल्या की काय सांगायचं. हे म्हणाले, तुझ्या सासूबाई गेल्या आता, एवढं कोण बघतंय, बदल पटकन. घुगे बाई रडवेल्या होऊन म्हणाल्या, “चुकलं आजी, माझंच चुकलं, मी देते दुसरा.” आणि खरंच पाण्यात उतरायला लागल्या, चपलांसकट.

मी ताम्हन उचललं आणि वर चढले. हाताला आलेली गौर परत टाकायची नसते. एवढं एक मला त्या घरात कुणी शिकवलं होतं आणि ते मोडायला मला मुकुंद सांगणार, ज्याने माझा मोर पुलावरून फेकला.

परत येताना सगळी वाट माझ्या मागे कुजबूज चालू होती. मी डोक्यात एकेकाची वाक्यं जुळवत होते. मुकुंदसाठी एक, यांच्यासाठी एक, कुमुदसाठी तर बरीच लांबलचक. घुगे बाईंसाठीही होतं. त्या मागून येत होत्या, पोरांना घेऊन, सगळ्यांच्या शेवटी. त्यांना कुणी या म्हणालं नव्हतं. पण त्यांना जायचंही धैर्य होत नसावं, मी काय बोलते ते ऐकल्याशिवाय. केतकी माझ्या बाजूने चालत होती. ती बेडकाकडे बघत नव्हती, माझ्या तोंडाकडे बघत होती. त्या तोंडात तिच्या बाईंची बदली होती, हे त्या पोरीला पक्कं ठाऊक होतं.

दारात शुभदाने भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, पायांवर दूधपाणी घातलं. ओटीवर, माजघरात तिने तांदळाच्या पिठाची पावलं काढली होती. त्या पावलांवरून मी गणपतीपाशी गेले, पाट तेरड्याने सजवलेला होता, त्यावर एकेक खडा ठेवला. बेडूक मध्ये आला. मी मुद्दाम ठेवला नाही, चौथा होता तरी मध्ये आला कसा कोण जाणे.

चूळ तुळशीत टाकून आले. घर भरलेलं. पाहुणे, वाडीतल्या बायका, दाराशी घुगे बाई आणि पोरं. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. आता बोलायचं होतं आणि पहिलं वाक्य शुभच बोलायचं होतं. मी इतकी वर्षं एकच म्हणत आले होते, गौर आली, समाधान घेऊन आली. वाटेत जुळवलेल्या वाक्यांतलं एकही त्या जागी बसणारं नव्हतं.

मुकुंदला धीर धरवेना. “माई, बोल ना. सांगून टाक त्यांना.”

“गौर आली,” मी म्हणाले. “आमच्या देवघराच्या रंगाची आली.”

मी आधी काही ठरवलेलं नव्हतं. तोंडून आलं. पण आलं ते आलं, आणि पहिला शब्द वर्षभर घरात राहतो हे सगळ्यांना ठाऊक होतं. 

पहिला शब्द झाल्यावर मात्र मी कुणाला सोडलं नाही. मुकुंदला विचारलं की माळ्यावरचं मखर कधीपासून पुलाखालून वाहायला लागलं. यांना विचारलं, वय कुणाचं झालं. कुमुदला सांगितलं की मोर माझाच, टिकल्या मी लावलेल्या, आणि असला मोर तुझ्या सात पिढ्यांत कुणाला करता यायचा नाही. मग दाराशी गेले. घुगे बाई भिंतीला चिकटून उभ्या.

“तुम्ही,” मी म्हणाले. “एवढं तोरण बांधलंत आणि मध्ये माझा मोर टांगलात. दुसरं काही मिळालं नाही मधोमध टांगायला?”

“सगळ्यात देखणा तोच होता हो आजी,” बाई म्हणाल्या. “गाळातून काढला तरी पोरांनी त्याच्यासाठी भांडण केलं.”

मी म्हणाले, “उन्हातून आला आहात. आत या. घावन खाऊन जा. आणि मला आजी म्हणायचं नाही. माई म्हणायचं.”

मुकुंद मागे येऊन हळू म्हणाला, “मग अर्जाचं?”

“कसला अर्ज?”

“तूच म्हणालीस ना—”

“मी काय म्हणाले ते मला ठाऊक आहे. माझ्या वतीने बोलायचं असेल तेव्हा मी मेलेली असेन. तोवर थांब.”

हळदीकुंकवाला वाडीतली एकूण एक बाई आली. ज्या एरवी ओटीवरूनच परतायच्या त्यासुद्धा आत आल्या, बेडूक बघायला. काहींनी तोंड दाबून हसून घेतलं. मी प्रत्येकीला सांगितलं की हाताला आलेली आहे, निवडलेली नाही, आणि हसायचं असेल तर माझ्या सासूबाईंच्या फोटोकडे बघून हसा. फोटोकडे बघून कुणी हसत नसे. केतकी सगळा वेळ पाटाशेजारी बसून होती, बेडकाची कौतुकाने ओळख करून देत. कुणाला कधी एवढं महत्त्व दिलं नव्हतं पोरीने, स्वतःच्या बापालाही नाही.

तिसऱ्या दिवशी गौरी पाण्यात पोहोचवायच्या. केतकीने ताम्हनावर हात ठेवला. “आजी, बेडूक पण सोडायचा?”

“गौर आहे. गौर माहेरी राहत नाही.”

तिचे डोळे भरले. मी म्हणाले, “रडू नकोस. रंग उडाला तर डब्यात बोटभर आहे अजून.” आणि मग, माझं मलाच ऐकवेना म्हणून, “पण पाण्यात सोडायचा नाही तो, पाण्याला लावून काठावर उंच जागी ठेवायचा. पाण्यात ऑईलपेंट कशाला.”

पुढच्या वर्षी मखर नव्हतं. पोरांनी पोफळीच्या झावळ्या, वाळलेली भेंडाची फुलं आणि जुन्या टोपल्यांची बुडं यांचं काहीतरी बांधून दिलं. मला ते पहिल्यांदा वेडंविद्रं वाटलं आणि दुसऱ्यांदाही वाटलं, पण लोक बघायला आले, आणि आले की विचारायचे, कुणाची कल्पना. घुगे बाई आमच्याच शाळेत होत्या. अजून आहेत, मुख्याध्यापिका आहेत.

ताम्हन मात्र मी शुभदाच्या हाती दिलं. सगळ्यांना वाटलं वय झालं म्हणून. कुणी विचारलं नाही, नाहीतर सांगितलं असतं. गौरी आणताना गप्प राहावं लागतं आणि तेवढ्यात लोक काय काय ठरवून टाकतात ते मी बघितलं होतं. शुभदाला गप्प राहून ऐकता येतं. मला कधी आलं नाही.

तेव्हापासून गौरीच्या दिवशी मी पाणवठ्याच्या वरच्या दगडावर जाऊन बसते. खाली शुभदा डोळे मिटून पाण्यात हात घालते आणि मी वाटेकडे बघते. मागच्या वर्षी कुमुदचा जावई आला, मुंबईचा, हातात निर्माल्याची काळी पिशवी. मला बघून थबकला. पिशवी पाठीमागे नेली.

“या जावईबापू,” मी म्हणाले. “फुलं मातीत घाला, पिशवी घरी न्या. आणि त्या बेडकाला ओलांडू नका. गौर आहे ती आमची.”

ताम्हन मी सुनेला दिलं. तोंड माझ्याकडे ठेवलं.